न आलेला ओटीपी

गवताच्या गाड्या सुरू झाल्या की माझा घसा बसतो. दरवर्षी बसतो. दिवाळी सरते, माळावरचं गवत पिवळं पडून कापायला येतं, वखारीत गाठी बांधायचं काम सुरू होतं आणि मग सापगावच्या पुलावरून त्या गाड्या यायला लागतात. गाडी म्हणजे दिसायला गाडी नसतेच. गवताचा एक ढिगाराच आपल्या पायांनी चालत आल्यासारखा वाटतो. चाकं खाली कुठेतरी, केबिनची काच मधेच कुठेतरी, आणि सगळ्यात वर गाठींवर एक माणूस बांबू घेऊन बसलेला, रस्त्यावर लोंबणाऱ्या वायरी उचलून धरायला. गाडी पुढे जाते, पण तिचा वास बराच वेळ मागे रेंगाळतो. वाळक्या गवताचा वास लोकांना गोड लागतो. मलाही लागायचा. आता त्या वासानं मला माझ्या दुकानातला खडखडणारा पंखा आठवतो, तापलेला कॉम्प्युटर आठवतो, आणि ओट्यावर मोबाईल वर धरून उभी असलेली माझी पुतणी.

माझं दुकान शहापुरात, एसटी स्टँडजवळ. लायसन्स, गाडीचा विमा, नाव ट्रान्स्फर, असली कामं. बोर्डावर लिहिलंय : सर्व प्रकारचे लायसन्स लवकर मिळेल. ‘लवकर’ हा शब्द रंगाऱ्यानं लाल केला, बाकीचे काळे ठेवले. तो माझ्यापेक्षा हुशार निघाला. माणसं त्या एका शब्दाकडे बघून पायऱ्या चढतात.

“परवा मिळंल ना?”

“परवा कसं मिळेल बाबा? आधी लर्निंग, मग महिना थांबायचं, मग टेस्ट.”

“पन बोर्डावर तं लवकर लिवलंय.”

“महिना म्हणजे लवकरच.”

“मंग उशिरा कोनाला म्हनता तुमी?”

गाडी चालवता येते का असं मी विचारलं तर समोरचा वैतागतो. गाडी काय, येईल. लायसन आधी द्या. आणि ट्रकचं, म्हणजे आमच्या भाषेत हेवीचं, असेल तर विचारूच नका. हलक्या गाडीचं लायसन्स काढून वर्ष झालेलं पाहिजे, मग हेवीचं लर्निंग, मग ट्रेनिंग स्कूलचा दाखला, डॉक्टरचा दाखला, मग टेस्टची तारीख. बोटांचे ठसे जुळत नाहीत, आधारला जोडलेला मोबाईल नंबर बायकोच्या माहेरच्या कुणाचा तरी असतो, फोटोत कान दिसत नाहीत म्हणून अर्ज परत येतो. दिवसभर याच चिडचिडीत बसायचं. माणूस माझ्यावर चिडतो, मी स्क्रीनवर चिडतो, स्क्रीनवरचं ते गोल चक्र कोणावरच न चिडता फिरत राहतं.

तरीही शहापूरपासून मुरबाडपर्यंत हे काम माझ्याइतकं झटपट कोणी करत नाही. साइट कधी हलकी चालते, तारखा कधी सुटतात, कुठला कागद आधीच जोडून ठेवायचा, हे मला पाठ आहे. ही बढाई नाही. उलट हे माहीत असल्याशिवाय मी काय केलं ते कळणार नाही.

सुजाता माझ्या थोरल्या भावाची मुलगी. भाऊ काविळीनं गेला तेव्हा ती शाळेत होती. मोठी झाल्यावर तिनं गाडीचं लायसन्स काढलं, मीच काढून दिलं, आणि गावातल्या एकाच्या पिकअपवर ती भेंडी घेऊन कल्याणच्या मार्केटला जायला लागली. पहाटेच्या धुक्यात, डोक्याला मफलर बांधून. सुरुवातीला मार्केटातले लोक गाडीभोवती जमायचे.

“ताई, गाडी तुमची काय?”

“नाय, भेंडीची,” ती म्हणायची आणि दोर सोडायला लागायची.

मागच्या वर्षी याच दिवसांत ती दुकानात आली. आसनगावच्या पुढे हायवेला जी मोठमोठी गोदामं झालीत, त्यातल्या एका ठिकाणच्या सुपरवायझरनं तिला पिकअप रिव्हर्स घेताना पाहिलं होतं. म्हणाला, संक्रांतीनंतर आमच्या गाड्या वाढतायत, हेवी घेऊन या, बसवतो. पगार महिन्याचा, सुट्टी आठवड्याची. हे सगळं तिनं एका दमात सांगितलं आणि शेवटी म्हणाली, “नाना, मला हेवी पाहिजे. लवकर.”

“तुला सगळ्यांच्या आधी,” मी म्हणालो. म्हणताना ते खरं होतं.

लर्निंग मी चटकन काढलं. ट्रक शिकायला मुरबाडला जावं लागायचं. पहिल्यांदा मी तिच्याबरोबर गेलो, मोटरसायकलवर. किन्हवली सोडल्यावर रस्त्याच्या दोन्ही अंगाला गवत कापलेलं, माळ भादरल्यासारखे दिसत होते, आणि बाया डोक्यावर भारे घेऊन एकामागे एक चाललेल्या. ट्रेनिंग स्कूलचा तो जुना ट्रक उन्हात उभा राहून एवढा तापायचा की दाराला हात लावला की चटका बसे. शिकवणाऱ्याला सगळे मामा म्हणत. मामांच्या तोंडाला दम नव्हता.

“अगो, हलक्या पायानं! क्लच हाय तो, शिलाई मशीन नाय.”

“मामा, शिलाई मशीनवर पन पाय हळूच सोडतात. तुमी कधी बसलाय का?”

मागच्या फळीवर बसलेले बाकीचे शिकाऊ हसले. मामाही हसले. नंतर तिनं तो ट्रक दोन दगडांच्या मधून असा मागे घेतला की मामा बोलायचे थांबले, आणि मामा बोलायचे थांबणं म्हणजे काय ते तिथल्या लोकांनाच विचारा. परत येताना मी तिला म्हटलं, तुझ्या गाडीच्या मागे काय लिहून घेशील? “कंपनीची गाडी नाना ती. मागं फक्त नंबर.” तिच्या आवाजातला तो कोरडा आनंद मला आत्ताही ऐकू येतो. लोकांना काहीतरी मोठं हवं असतं. तिला फक्त नंबर असलेली गाडी हवी होती.

त्याच आठवड्यात वहिनींनी मला हाक मारली. त्या पडवीत सुकट निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “भावजी, पोरीचं ते लायसन जरा लांबवा.”

“का?”

“मुरबाडकडचं स्थळ हाय. येतायत बघायला. मुलगी ट्रक चालवते म्हटल्यावर कोन उभं राहील दारात? लगीन ठरलं की मग काढा काय काढायचं ते.”

मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. “चहा आहे का?” म्हणालो. आमच्या घरात न बोलणं म्हणजे होच. मी जन्मभर असाच हो म्हणत आलोय.

वहिनींचं नाव पुढे करणं सोपं आहे. एकटीनं पोर वाढवलेली बाई, तिला भीती वाटणार. मी वर्षभर स्वतःला तेच सांगितलं. पण आता लिहायलाच बसलोय तर सरळ लिहितो. मलाही लाज वाटत होती. दुकानात दिवसभर पुरुष येतात, चहा पितात, कोणाची पोरगी काय करते ते बोलतात. नानाची पुतणी ट्रकवर, हे त्यांच्या तोंडून मला ऐकायचं नव्हतं. आणि त्याहूनही खाली एक गोष्ट होती, ती मला बरीच उशिरा दिसली. कोणाचं ना कोणाचं काहीतरी माझ्या हातात अडकलेलं असणं मला आवडतं. लोक दारात उभे राहतात, नाना नाना करतात, मी चष्मा वर करून “बघतो” म्हणतो. एकदा ती त्या हायवेला लागली असती तर तिचं माझ्याकडे काही अडलं नसतं.

तारीख घ्यायचा दिवस उजाडला. ती भेंडी पोचवून थेट आली होती. वाटेत गवताच्या गाडीच्या मागे सापडली असणार, ओढणीभर काड्या होत्या. स्क्रीनवर टेस्टच्या मोकळ्या तारखा हिरव्या दिसत होत्या. संक्रांतीच्या कितीतरी आधीच्या. मी तिचा अर्ज उघडला, नंबर घातला. आता एक बटण दाबायचं, तिच्या मोबाईलवर ओटीपी जाणार, ती आकडे सांगणार, मी भरणार, संपलं. माऊसवर माझा हात होता. तो तसाच राहिला.

“दाबलं?”

“हो.”

ती मोबाईलकडे बघत बसली. “नाय आला.”

“येईल. नेटवर्क नाही.”

ती ओट्यावर गेली, मोबाईल वर धरला. मग रस्ता ओलांडून समोरच्या चहावाल्याकडे गेली, तिथे हात आणखी उंच केला.

“काय गो, काय बघते वर?” चहावाला.

“ओटीपी.”

“वरून पडतो होय तो? मंग ओढणी पसर, फुटंल नायतर.”

बाकावरचे हसले, तीही हसली. मग तिनं मोबाईल बंद करून चालू केला. सिम काढलं, त्यावर फुंकर मारली, ओढणीच्या टोकानं पुसलं, परत घातलं. हे सगळं मी खुर्चीतून बघत होतो. ती आत आली. “परत दाबा ना एकदा.”

मी माऊस बटणापासून लांब नेला आणि दाबला. टक् असा आवाज आला. रिकाम्या जागेवरही माऊस तसाच वाजतो.

“दाबलं.”

ती पुन्हा ओट्यावर गेली.

शेवटी मी म्हणालो, “साइट डाऊन आहे. नंतर बघू.” ती जराशी हिरमुसली आणि म्हणाली, “तुमी माझ्यापायी जेवला पन नाय. चला, घरी चला.”

मी बऱ्याच गोष्टी विसरतो. हे वाक्य विसरत नाही.

पुढचं सगळं फारच सोपं होतं, आणि त्याचाच मला आता संताप येतो. दुसऱ्या कुठल्याही खोट्याला सांभाळावं लागतं, काल काय सांगितलं ते लक्षात ठेवावं लागतं. उशीर होतोय या खोट्याला काही लागत नाही. साइट डाऊन, तारखा संपल्या, मामांच्या ट्रकचं काम निघालं. आपल्याकडे कोणी एका शब्दानं विचारत नाही, खरंच का म्हणून. उशीर हा आपल्याला इतका घरचा वाटतो की तो कोणी मुद्दाम घरात आणून बसवला असेल, हे मनातच येत नाही. मी रोज ज्या गोष्टीवर चिडत होतो तिच्याच आडोशाला जाऊन बसलो होतो.

त्याच दिवसांत मी पलीकडच्या गावातल्या एका माणसाचं हेवी काढून दिलं. नेहमीच्या सवयीनं, झटपट. तो त्याच गोदामात लागला आणि पेढे घेऊन दुकानात आला. सुजाता तिथेच बसलेली. तिनं पेढा घेतला, अर्धा मला दिला. “बघा नाना, ह्याला आला ओटीपी. माझ्याच सिमचं नशीब फुटकं.”

मी तो अर्धा पेढा खाल्ला.

मग मुरबाडची मंडळी आली. जीपमधून चौघं उतरले. पोहे झाले, शाळा कितवीपर्यंत ते विचारून झालं, पाहुणेरावळे कोण कुठले ते झालं. मुलाची आई ऐसपैस बाई, बशी संपवून म्हणाली, “मुलगी गाडी चालवते असं कानावर आलंय.”

वहिनींचा चेहरा उतरला. “हौस म्हणून हो. आता सोडणारच हाय.”

“सोडू नका, बाई! त्यासाठीच तं आलो. आमची गवताची गाडी हाय, ऐन सीझनला ड्रायव्हर टिकत नाय. हेवी काढलंय का?”

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी पोह्यातला शेंगदाणा शोधत होतो.

“सर्व्हर डाऊन हाय,” सुजाता म्हणाली.

“नाना देतील की काढून,” मुलगा पहिल्यांदाच बोलला. “बोर्डच हाय ना त्यांचा.”

ते गेल्यावर सुजाता इतकी हसली की तिला ठसका लागला. मग डोळे पुसून म्हणाली, “आई, मला नाय करायचं हे. दिवसभर त्यांची गाडी चालवायची, पगार नाय, सुट्टी नाय, आनि घरी येऊन भाकऱ्या पन मीच थापायच्या.” वहिनी बशा गोळा करायला लागल्या. त्या आणि मी, आम्ही एकमेकांकडे बघायचं टाळलं. ज्या गोष्टीसाठी लांबवलं ती गोष्ट अशी बशीभर पोह्यांत संपली.

संक्रांत गेली. ती गोदामावर जाऊन आली. “भरल्या म्हणे जागा,” एवढंच म्हणाली आणि माझ्या हातावर तिळगूळ ठेवला. मग मात्र मी दाबलं. ओटीपी पहिल्या फटक्यात आला. टेस्टला तिनं मामांच्या ट्रकनं आठचा आकडा काढला, मागे घेऊन लावला आणि पास झाली. लायसन्स टपालानं घरी आलं. एवढ्या लवकर झालं म्हणून तिनं माझे आभार मानले. पाया पडायला वाकली, मी मागे सरकलो. तिला वाटलं, नाना लाजले.

आता पुन्हा गवत निघालंय. तेव्हापासून ते लायसन्स पिकअपच्या डॅशबोर्डवर भेंडीबरोबर कल्याणला जाऊन येतंय. मध्यंतरी ती दुकानात आली आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली. गोदामात पुन्हा माणसं घेतायत. पण यंदा नियम बदललाय, हेवीवरचा वर्षाचा अनुभव पाहिजे.

“तेव्हा बसले असते तं येत्या संक्रांतीला वर्ष भरलं असतं,” ती म्हणाली. “जाऊ द्या. नशीब.”

चीड आली मला. तिची नाही. त्या शब्दाची. माझं काम तो शब्द फुकटात करत होता.

“नशीब नाही गो,” मी म्हणालो. “मी दाबलंच नव्हतं.”

“काय दाबलं नव्हतं?”

सांगितलं. पंखा खडखडत होता, त्यामुळे मला जरा मोठ्यानं सांगावं लागलं, आणि असली गोष्ट मोठ्यानं सांगताना ती जास्तच लाजिरवाणी होते. ती ऐकत होती.

“आईनं सांगितलं होतं?”

“तिनं लांबवा म्हटलं होतं. खोटं मी बोललो. स्थळ गेल्यावरही थांबलो, ते तर माझं मीच.”

“आनि त्या पेढेवाल्याचं दाबलंत.”

“हो.”

ती उठली. आरडाओरडा करेल असं वाटलं होतं, बरं वाटलं असतं. दारात थांबून ती म्हणाली, “नाय म्हणायचं होतं ना मला, नाना. तोंडावर नाय म्हणायचं. मी दुसऱ्याकडं गेले असते. शहापुरात काय तुमचं एकच दुकान हाय?”

इतक्या दिवसांत हे मला सुचलं नव्हतं. मला वाटायचं, मी तिची नोकरी घालवली, तिचं वर्ष घालवलं. मी तिला दुसऱ्या दारात जाऊसुद्धा दिलं नव्हतं. नुसता “बघतो” म्हणत तिला माझ्या दारात उभी करून ठेवली होती.

मग ती काही दिवस आली नाही. वहिनी भेटल्या, पण बोलल्या नाहीत. पुढे एका सकाळी पिकअप दुकानासमोर थांबली. ती उतरली नाही, खिडकीतूनच बोलली. “अनुभव पायजे मला. गवतवाल्या शेठचा ड्रायव्हर पळालाय. मी विचारलं तं हसले. तुमी विचारा.”

वखारीत मी याआधी कधी काही मागायला गेलो नव्हतो. गाठी बांधायचं मशीन धडधडत होतं, उन्हात सोनेरी भुसा उडत होता, डोळ्यांत, कानांत, शर्टाच्या कॉलरमध्ये. पाच-सहा हमाल, शेठ, आणि माझ्या दुकानात चहा प्यायला येणारे दोघं. ज्यांच्या बोलण्याला मी भ्यायलो होतो ते सगळे आयतेच जमलेले. मी शेठना म्हटलं, माझी पुतणी तुमची गाडी चालवेल.

“नाना, पोरगी?”

“तिच्याकडे हेवी आहे.”

“गाठी उतरवताना पदर कोन सांभाळंल?” एक हमाल म्हणाला. हशा झाला.

“ती ड्रेस घालते,” मी म्हणालो. माझा आवाज चिरकला, आणि हशा आणखी वाढला. मी उभा राहिलो. हसून झालं की माणसं थांबतात, हे मला या वयात कळलं.

शेठनी डोकं खाजवलं. “काय झालं तं जबाबदारी कोनाची?”

“माझी,” मी म्हणालो.

“माझी,” मागून सुजाता म्हणाली. ती कधी आत आली ते मला कळलं नव्हतं. “लायसन माझ्या नावावर हाय.”

शेठनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि चावी तिच्या हातात दिली. एक खेप, भिवंडीकडच्या तबेल्यांपर्यंत. नीट झाली तर पुढचं बोलू.

गाठी भरायला दुपार झाली. दोर आवळले गेले, वायरी उचलणारा बांबू घेऊन वर चढला. ती केबिनमध्ये बसली, सीट पुढे ओढली, आरसे आपल्या उंचीला लावून घेतले. मी दुसऱ्या बाजूनं पायरीवर पाय ठेवला.

“तुमी नका बसू,” ती म्हणाली.

मी पाय खाली घेतला. “पोचलीस की कळव.”

“शेठना कळवीन.”

तिनं गिअर टाकला. गाडी जरा थरथरली, मग एकही हिसका न देता वखारीच्या फाटकातून बाहेर पडली आणि डावीकडे वळली.

संध्याकाळी मी दुकान बंद करत होतो. वखारीतला एक हमाल सायकलवरून जाताना न थांबता ओरडला, “नाना, पोचली गाडी!” त्याला थांबवून विचारावंसं वाटलं, कशी चालवली, तबेल्याच्या बोळात मागे कशी घेतली, काय म्हणाली. पण तो पुढे निघून गेला होता, आणि माझ्यासाठी निरोप तेवढाच होता.